आठ वीसचं कार्ड

क्लॅरी डन्स्टनच्या हातात जे कार्ड होतं, ते अजून पंचवीस मिनिटांनी लिहिलं जाणार होतं.

म्हणजे झालं असं. क्लॅरी समुद्रात पोहून आला, नेहमीसारखा मागच्या दाराने घरात शिरला, ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, चहा केला आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघितलं. आठला पाच कमी. आठ ते बाराच्या दरम्यान फोन दुरुस्त करायला इंजिनिअर येणार होता, म्हणून अंगणात खुर्ची टाकून बसावं असा विचार करून त्याने पुढचं दार उघडलं, तर दाराच्या फटीत फोन कंपनीचं कार्ड अडकवलेलं. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं: ‘इंजिनिअर आला होता. वेळ ८.२०. दहा मिनिटं थांबला. ग्राहक घरी नाही.’

क्लॅरी परत आत गेला. घड्याळात आठला चार कमी होते. तो पुन्हा बाहेर आला. कार्डावर आठ वीसच होते.

दुसरा कोणी असता तर चक्रावला असता. क्लॅरी चक्रावला नाही, कारण असले प्रकार त्याने आयुष्यभर पकडले होते. नदीकाठच्या साखर कारखान्याच्या फाटकावर तो तेहतीस वर्षं टाइमकीपर होता. सात वाजून चार मिनिटांनी आलेल्या माणसाची पंधरा मिनिटांची मजुरी त्याने कापली होती. एकदा सख्ख्या मेव्हण्याची कापली, तेव्हा मेव्हणा दोन नाताळ त्याच्याशी बोलला नव्हता. दुसऱ्याचं कार्ड घड्याळात घालणारे, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी येऊन झोपणारे, नंतर येऊन आधीची वेळ घालणारे, सगळे त्याने पाहिले होते. हा इंजिनिअर त्यातलाच एक. आठच्या आधीच आला, झटपट कार्ड खोचलं, वेळ मात्र आठ वीस लिहिली आणि गेला नाश्त्याला. पुरावा हातात होता. खोटं बोलणाऱ्याने निदान खोट्याची वेळ होईपर्यंत तरी थांबावं, एवढीही अक्कल लोकांना राहिलेली नाही, असं तो खुर्चीला म्हणाला, आणि तरीही बारा वाजेपर्यंत त्याच खुर्चीवर बसून राहिला. माणूस खोटा निघाला म्हणून आपण वेळ मोडायची नसते.

घरातला फोन बंद, मोबाइल क्लॅरीने कधी घेतला नाही, म्हणून फोन बंद असल्याची तक्रार फोनवरून करायला तो कुंपणापलीकडे बेव हिकीकडे गेला. बेवचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यामुळे जोडीदार गेलेल्या माणसाने कसं जगावं हे शिकवण्याचा परवाना सरकारने आपल्याला दिलेला आहे, असं तिचं मत होतं.

“बस. जेवलास का? चेहरा बघ तुझा,” बेव म्हणाली.

“चेहऱ्याला काय झालंय? फोन दे.”

पस्तीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला लागली. आवाज इतका गोड होता की क्लॅरीला पहिल्या वाक्यालाच संशय आला.

“हे खातं मिसेस नोलीन डन्स्टन यांच्या नावावर आहे, सर. मला त्यांच्याशीच बोलावं लागेल.”

“ते जमणार नाही.”

“त्या घरी नाहीत का?”

“नाही.”

“साधारण कधी असतात?”

बेवने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “ती वारली गं बाई. जूनमध्ये. हा तिचा नवरा आहे.”

“अरेरे. फार वाईट वाटलं ऐकून.” मुलगी दोन सेकंद गप्प राहिली. वाईट वाटायला कंपनीने तेवढीच सवड दिलेली असावी. “मग सरांनी आमच्याशी बोलावं असं त्यांचं एक संमतीपत्र पाठवता येईल का?”

पुढच्या आठवड्यात बिल आलं. त्यात एक नवीन ओळ होती. इंजिनिअर-भेट आकार, एकशे दहा डॉलर. कारण: ग्राहक घरी नाही.

एकशे दहा डॉलर क्लॅरीने भरलेही असते. त्याला झोंबली ती कारणाची ओळ. जूनपासून पोहणं, दुकान आणि गुरुवारचं क्लबातलं जेवण सोडलं, तर तो कुठे गेलाच नव्हता. घरी असणं हे एवढं एकच काम त्याच्याकडे उरलं होतं. आणि तेही त्याने धड केलं नाही, असं कंपनी त्याला लेखी कळवत होती.

“भरून टाक आणि मोकळा हो,” बेव म्हणाली.

“मी घरी होतो.”

“होतास रे. कोण नाही म्हणतंय?”

“ते म्हणतायत! छापून म्हणतायत!”

तसंही अलीकडे जगाचं काही खरं राहिलं नव्हतं. सगळ्यांनाच कसली तरी घाई झालेली. बेकरीत साडेअकराला जावं तर खिमा भरलेले मीट पाय संपलेले. पूर्वी साडेअकराला गरम मिळायचे. औषधवाला पाचला बंद व्हायचं दुकान चारलाच बंद करायला लागला होता. परवा क्लॅरी सव्वाचारला गेला तर तो बिचारा शटर अर्धं खाली घेऊन बाहेर उभा, आणि वर म्हणतो कसा, “या, या, तुमच्यासाठीच थांबलोय.” थांबलोय म्हणे! चार वाजता! पर्थला राहणारी मुलगी जनेल दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन करायची. ऑक्टोबरपासून तीही पाचलाच उरकून घ्यायला लागली होती. क्लॅरीने तिला काही विचारलं नाही. आईशी बोलायला मुलींना वेळ असतो, बापाशी बोलायचं म्हणजे लवकर संपलेलं बरं, हे तो समजू शकत होता. मग फोनच बंद पडला, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

नाताळच्या दिवशी बेवकडे जेवायला बारा वाजता बोलावलं होतं. क्लॅरी बाराच्या ठोक्याला दारात हजर झाला, तर लोक जेवण आटोपून शेवटचं गोड, पावलोव्हा, खात होते. कोळंबीच्या सालांचा ढीग पडलेला. बेवने ओव्हनमधून त्याचं झाकलेलं ताट काढलं. बारा म्हणजे बारा, हे सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण दुसऱ्याच्या घरी जेवताना माणसाने हजेरी घेऊ नये, म्हणून त्याने ताट पुढे ओढलं.

गुरुवारी क्लबात त्याने ते कार्ड टेबलावर ठेवलं. हा लॉन बोल्सचा, म्हणजे हिरवळीवर जड चेंडू घरंगळवायच्या खेळाचा क्लब. तिथे बोल्स खेळणारे चार आणि खेळ कसा खेळावा हे सांगणारे चाळीस. त्यात कॉस्टा मुख्य. त्याने आयुष्यभर फिश अँड चिप्सचं दुकान चालवलं होतं आणि कोणतीही अडचण ही उकळत्या तेलासारखी दुरूनच हाताळावी, असं त्याचं तत्त्व होतं.

“सोपं आहे गड्या,” कॉस्टा म्हणाला. “इंजिनिअर पलीकडचा असणार.”

पलीकडचा म्हणजे क्वीन्सलँडचा. क्लबाच्या मागच्या रस्त्याच्या मधोमध राज्याची सीमा आहे. ऑक्टोबर लागला की अलीकडचे लोक उन्हाळी वेळ म्हणून आपली घड्याळं एक तास पुढे नेतात आणि एप्रिलमध्ये परत मागे आणतात. पलीकडचे मात्र घड्याळाला हात लावत नाहीत. ऊन वाढलं तर पडदे विटतील, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे उन्हाळाभर रस्त्याच्या या फुटपाथवर नऊ आणि त्या फुटपाथवर आठ. मोबाइलवर भरवसा ठेवावा तर तो पुढच्या खोलीत एक वेळ दाखवतो आणि बाल्कनीत दुसरी. इथे जन्मलेल्या माणसालाही दरवेळी बोटं मोजावीच लागतात. कॉस्टाने मोजली.

“पलीकडचं घड्याळ मागे. म्हणजे त्याचे आठ वीस, तेव्हा आपले... सात वीस.”

“नऊ वीस,” क्लॅरी म्हणाला.

“मागे म्हणजे वजा ना?”

“त्यांचं मागे, म्हणून आपलं पुढे. आठ वीस अधिक एक, नऊ वीस. आणि कार्ड मला मिळालं आठला पाच कमी असताना.”

पुढच्या टेबलावरचे तिघे वळले. एकाने कागदी रुमालावर दोन घड्याळं काढली. वाद चांगला रंगला. अर्ध्या तासाने असं निघालं, की आठला पाच कमी असताना ज्याच्या घड्याळात आठ वीस वाजून गेलेले असतात असा इंजिनिअर पूर्वेकडूनच आलेला असला पाहिजे.

“न्यूझीलंड,” कॉस्टा गंभीरपणे म्हणाला. “नाहीतर फिजी.”

“किंवा खोटारडा,” क्लॅरी म्हणाला.

हा खुलासा सगळ्यांनाच जास्त सोयीचा वाटला. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं वर्तमानपत्रात दे, कोणी म्हणालं इंजिनिअरच्या गाडीचा नंबर शोध. शेवटी कॉस्टाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “प्रतिज्ञापत्र कर. जेपीसमोर. शिक्का बघितला की कंपन्या वाकतात.” स्वयंपाकघर केव्हाच धुऊन झालं होतं, पण काऊंटरवरच्या बाईने क्लॅरीसाठी ठेवलेली प्लेट आणून दिली. साडेबारालाच स्वयंपाकघर बंद! याही क्लबाची घसरण सुरू झाली, असं क्लॅरीने मनात नोंदवलं.

जेपी म्हणजे कागदावर सही-शिक्का करून देणारी, पगार न घेणारी आणि म्हणूनच अतिशय कडक अशी व्यक्ती. गावातल्या वाचनालयात बुधवारी दहा ते बारा ऑड्री विंटल बसते. क्लॅरी घरून अकराला निघून सव्वाअकराला पोचला, तर ऑड्रीबाई टेबलावरची पाटी उचलून पिशवीत घालत होत्या.

“पाटीवर बारापर्यंत लिहिलंय,” क्लॅरी म्हणाला.

ऑड्रीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. नोलीन वाचनालयात पुस्तकं लावायला यायची, त्यामुळे त्या त्याला ओळखत होत्या. त्यांनी पाटी परत टेबलावर ठेवली.

“बसा, मिस्टर डन्स्टन. काय आणलंय?”

क्लॅरीने मजकूर घरूनच लिहून आणला होता. अडीच पानं. त्यात कारखान्यातल्या नोकरीचा कालावधीही होता. ऑड्रीबाईंनी पूर्ण वाचला.

“‘दिनांक पाच डिसेंबर रोजी सकाळी सात वाजून पंचावन्न मिनिटांनी.’ ही वेळ तुम्ही कशी पाहिली?”

“स्वयंपाकघरातल्या घड्याळात.”

“ते बरोबर आहे?”

क्लॅरी ताठ झाला. “सप्टेंबरमध्ये मी स्वतः नवी बॅटरी घातलीय. रोज सकाळी ब्रिस्बेनच्या रेडिओच्या बातम्यांशी ताडून बघतो. सेकंदाचाही फरक नाही. बाई, मी तेहतीस वर्षं टाइमकीपर होतो.”

“विचारावं लागतं. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. तुरुंगवास होऊ शकतो.”

“होऊ दे की. त्यालाच व्हायला हवा,” क्लॅरी म्हणाला आणि झोकात सही केली.

प्रतिज्ञापत्राची एक प्रत कंपनीला, एक दूरसंचार लोकपालाला आणि एक बेवला गेली. बेवला प्रत नको होती, तरी दिली. नऊ दिवसांनी बेवच्या मोबाइलवर कंपनीच्या ‘विशेष प्रकरण’ खात्यातला ट्रिस्टन नावाचा माणूस बोलला. बेवने फोन कुंपणावरून दिला.

“अभिनंदन सर! आकार माफ झालाय.”

“म्हणजे मी घरी होतो हे तुम्ही मान्य करता.”

“आकार माफ झालाय सर. आमच्या नोंदीप्रमाणे ग्राहक मिसेस नोलीन डन्स्टन या भेटीच्या तारखेआधी मृत आहेत. मृत ग्राहकाकडून अनुपस्थितीचा आकार घेता येत नाही. कलम सातप्रमाणे त्या घरी नसणं समर्थनीय ठरतं.”

क्लॅरीने कुंपणाची वरची फळी घट्ट धरली.

“ती सोडा,” तो म्हणाला. “मी. मी घरी होतो का?”

“तुम्ही ग्राहक नाही, सर.”

“मग त्या इंजिनिअरने खोटी वेळ लिहिली त्याचं काय?”

“हां, ते वेगळं प्रकरण.” ट्रिस्टनचा आवाज कामाचा झाला. “प्रतिज्ञापत्र असल्यामुळे ते आम्ही फार गंभीरपणे घेतलंय. त्यांना नोटीस गेलीय. महिनाअखेर चौकशी आहे. बहुतेक त्यांचं कंत्राट संपेल. तुम्हाला समाधान वाटेल.”

क्लॅरीला समाधान वाटलं. चांगलं दोन दिवस वाटलं. फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, “आणि माझा फोन?”

“कोणता फोन, सर?”

“बंद आहे तो! सात आठवडे झाले!”

कळफलक वाजल्याचा आवाज आला. “त्याबद्दल इथे काही तक्रार दिसत नाही. नोंदवू का? येत्या सोमवारी, आठ ते बारा?”

त्या सोमवारी क्लॅरी पोहायला गेला नाही. हा डाव आपल्यावर पुन्हा खेळला जाणार हे त्याला ठाऊक होतं. चोराला सवय असते. घड्याळात सात वीस झाले तेव्हाच तो पुढच्या अंगणात खुर्ची टाकून, मांडीवर वही-पेन्सिल घेऊन बसला. आणि खरोखरच, साडेसातला फाटकाशी कंपनीची गाडी थांबली.

गाडीतून पन्नाशीचा, टोंगा बेटांवरचा एक धिप्पाड माणूस उतरला. हातात हत्यारांची पेटी. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सेमिसी. त्याने पत्ता वाचला, क्लॅरीकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला.

“ते प्रतिज्ञापत्रवाले काका तुम्हीच का?”

“मीच. आणि तू आठ वीसवाला.” क्लॅरी उठला. “सोमवार, वेळ सात तीस. आठ ते बारा सांगितलं होतं ना? आजही अर्धा तास आधी! आता काय लिहिणार कार्डावर? नऊ?”

“काका, साडेआठ वाजलेत.”

“ऐक बेव, ऐक!” बेव नळी घेऊन कुंपणाशी झाडांना पाणी घालत होती. “तोंडावर खोटं बोलतोय!”

“मी पंचवीस वर्षं हे काम करतोय,” सेमिसी म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे क्लॅरीला जास्तच राग आला. “चर्चमध्ये मी प्रार्थना सांगतो. माझ्या बायकोने ते नोटिशीचं पत्र वाचलं आणि मला विचारलं, खरं सांगा, तुम्ही असं केलंत का? तिला उत्तर देताना मला काय वाटलं असेल? मी आलो होतो काका. बेल वाजवली, दार वाजवलं, मागे जाऊन हाक मारली. दोरीवर हिरवा शर्ट वाळत होता. आठ वीस झाले होते.”

“थांब!” क्लॅरी म्हणाला. “थांब तू इथेच.”

तो आत गेला आणि भिंतीवरचं घड्याळ काढून, लहान मूल आणावं तसं दोन्ही हातांत धरून बाहेर घेऊन आला. “हे बघ. सात बत्तीस. बोल आता.”

सेमिसीने आपलं मनगट पुढे केलं. आठ बत्तीस.

“पलीकडच्या वेळेवर चालतोस का तू?”

“पलीकडे आत्ता साडेसात वाजलेत, काका.”

क्लॅरीची बोटं आपोआप मोजायला लागली. पलीकडचं मागे, म्हणून आपलं पुढे. सात बत्तीस अधिक एक. बेवने नळ बंद केला.

“क्लॅरी,” बेव हळूच म्हणाली, “ऑक्टोबरमध्ये ते पुढे कोणी केलं?”

कारखान्याचं घड्याळ क्लॅरीचं आणि घरातलं नोलीनचं, अशी चाळीस वर्षांची वाटणी होती. घरातल्या घड्याळाच्या काट्याला त्याने कधी हात लावला नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सकाळी तो अंथरुणात असतानाच स्वयंपाकघरात स्टूल ओढल्याचा आवाज यायचा. मग चहाचा वास. तो आवाज कशाचा, हे त्याला ठाऊक होतं. तो यंदा आला नाही, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“चार महिने,” तो म्हणाला. “चार महिने मी क्वीन्सलँडमध्ये राहतोय. रेडिओसुद्धा ब्रिस्बेनचा, म्हणजे पलीकडचाच.”

“मला काय माहीत घड्याळाचं!” बेव म्हणाली. “तू सगळीकडे तासभर उशिरा येत होतास. क्लबात, औषधाला. नाताळला आम्ही अर्धा तास ताटं अडवून बसलो, मग मीच म्हटलं, घ्या वाढून, त्याचं झाकून ठेवते. आम्हाला वाटलं, नोलीन गेल्यापासून याला वेळेचं भान राहिलेलं नाही. तुला! तुला कोण सांगणार की तुला उशीर होतो?”

क्लॅरी खुर्चीवर बसला, घड्याळ मांडीवर. शटर अर्धं धरून उभा असलेला औषधवाला त्याला आठवला. पिशवीतून परत काढलेली ऑड्रीबाईंची पाटी आठवली. ज्याची त्याची घाई म्हणून चार महिने तो ज्यांच्यावर चरफडत होता, ते सगळे त्याच्यासाठी थांबलेले लोक होते. आणि जनेल. ती नेहमीसारखी सहालाच फोन करत होती. पाच त्याच्या भिंतीवर वाजत होते.

“काका,” सेमिसी म्हणाला, “फोन बघू का?”

छपराखालची केबल काकाकुव्याने कुरतडली होती. चार मिनिटांचं काम निघालं.

इथे दुसऱ्या कोणाची गोष्ट संपली असती. पण खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, हे क्लॅरीला ऑड्रीबाईंनी बजावलेलं होतं, आणि महिनाअखेरीला आठच दिवस होते. त्याने दुरुस्त झालेल्या फोनवरून लगेच कंपनीला फोन लावला. पन्नास मिनिटांनी ट्रिस्टन फोनवर आला.

“मी घरी नव्हतो,” क्लॅरी म्हणाला.

“सर?”

“पाच डिसेंबरला. आठ वीसला. मी पोहायला गेलो होतो. चूक माझी. त्या माणसाची नोटीस मागे घ्या आणि एकशे दहा डॉलर माझ्याकडून घ्या.”

“पण तुम्ही घरी होता असं तुमचं प्रतिज्ञापत्र आहे, सर.”

“ते चुकीचं आहे!”

“प्रतिज्ञापत्र चुकीचं नसतं, सर. त्यावर शिक्का आहे.”

“अरे बाबा, मी सांगतोय ना, मी नव्हतो!”

“आणि पैसे घेता येणार नाहीत. त्या खात्याचा ग्राहक मृत आहे.”

“मग खातं माझ्या नावावर कर आणि मला दंड लाव!”

“नवीन ग्राहकाला जुना आकार लावता येत नाही. तक्रार असेल तर लोकपालाकडे जाऊ शकता.”

कंपनी आपल्याकडून पैसे घेत नाही, अशी तक्रार घेऊन आलेला आपल्या आठवणीतला हा पहिलाच माणूस, असं लोकपालाच्या कचेरीतली बाई म्हणाली. तिने दोनदा नाव विचारून घेतलं. पण मार्ग तिनेच सांगितला: प्रतिज्ञापत्राला प्रतिज्ञापत्रच तोडतं.

बुधवारी दहाला दहा कमी असताना क्लॅरी वाचनालयाच्या पायरीवर उभा होता. ऑड्रीबाई पिशवी घेऊन आल्या, त्याला बघून थबकल्या आणि आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

“आज मी थांबलोय,” क्लॅरी म्हणाला.

या वेळचा मजकूर चारच ओळींचा होता. घड्याळ माझं चुकलं होतं. इंजिनिअर वेळेवर आला होता. मी घरी नव्हतो. त्याची क्षमा मागतो. ऑड्रीबाईंनी शेवटची ओळ वाचून चष्मा काढला.

“क्षमा मागितल्याचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, मिस्टर डन्स्टन.”

“राहू द्या. शिक्का मारा.”

चौकशीच्या आदल्या दिवशी नोटीस मागे घेतली गेली. हे कळवायला कंपनीचं पत्र आलं नाही. सेमिसीची बायको स्वतः आली. बरोबर नारळ घातलेल्या अळूच्या पानांचं एक गरम भांडं होतं. बसली नाही. “ते म्हणाले, काकांना साडेबाराला नेऊन दे,” ती म्हणाली, आणि दारातूनच स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे मान लांब करून बघितलं.

ते घड्याळ क्लॅरीने त्याच सोमवारी स्टूल ओढून परत टांगलं होतं. टांगण्याआधी काटा एक फेरा फिरवला. दोन सेकंदांचं काम. स्टूलचा आवाज मात्र तोच होता, आणि तो आवाज ऐकून क्लॅरी बराच वेळ त्याच्यावर उभा राहिला. मग खाली उतरून त्याने स्वतःचा चहा केला.

खातं त्याच्या नावावर व्हायला मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला आणि बेवची सही लागली. फोन दुरुस्त झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी सहा वाजता जनेलचा फोन आला. “बाबा, दोन महिने शेजारच्या काकूंकडून निरोप! मला वाटलं तुम्हाला बोलायचंच नाहीये,” ती म्हणाली. ते दोघं पाऊण तास बोलले. निम्मा वेळ घड्याळाबद्दल; ती इतकी हसली की मध्येच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॅरी पोहून आला, मागच्या दाराने आत शिरला, आणि फोन वाजला. यंत्राचा आवाज होता. नुकत्याच झालेल्या दुरुस्तीबद्दल आपलं मत नोंदवा, फक्त दोन प्रश्न.

“इंजिनिअर दिलेल्या वेळेत आला का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन.”

“आला. दोन्ही वेळा आला,” क्लॅरी यंत्राला म्हणाला, आणि एक दाबला.

“ग्राहक घरी आहे का? हो असेल तर एक दाबा. नाही असेल तर दोन.”

क्लॅरीने घड्याळाकडे बघितलं. आठ वीस झाले होते. ओला टॉवेल खांद्यावरून खाली घसरत होता. तो एका हाताने सावरून त्याने दुसऱ्या हाताने एक दाबला, आणि नीट दाबला गेला नसेल म्हणून पुन्हा दाबला.